बिडावर तेलाचा हात

या सगळ्या खटाटोपातून जावयाला मिळणार काय होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी त्याला संत समजायला नको. एक शिडाची होडी मिळणार होती, सत्तावीस फुटी, वयाने त्याच्या बायकोपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिच्या सुकाणूपाशी बसायची हक्काची जागा मिळणार होती. गेली अकरा वर्षं तो पुढे दोरांच्या गुंत्यात बसून "जरा डोकं खाली घ्या" एवढंच ऐकत आला होता. आणि तिसरी गोष्ट तो बायकोजवळही बोलला नसता. सासऱ्यांच्या तोंडून "हात मऊ आहेत हो तुमचे" हे वाक्य पुन्हा ऐकावं लागणार नव्हतं.

सासरे म्हणजे टर्नर. चाळीस वर्षं लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काढलेली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गल्लीत, होड्यांच्या यार्डात, पोस्टमनच्या तोंडीसुद्धा त्यांचं नाव टर्नरच. केसाच्या जाडीचा फरक त्यांना नुसत्या बोटाने कळतो अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटा काही कमी नव्हता. चाळीस वर्षांत त्यांनी केलेला एकही नग नापास होऊन परत आला नाही, हे ते जेवताना सांगत, दवाखान्यात रांगेत बसल्यावर सांगत. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना तर त्यांनी ते अशा सुरात सांगितलं होतं की मुलगी हा एकेचाळिसाव्या वर्षीचा नग आहे असं वरपक्षाला वाटावं.

जावई औषधाच्या दुकानात. गोळ्या मोजणारे, पुड्या बांधणारे, दिवसातून तीस वेळा धुतले जाणारे हात. मऊ होते, यात काही खोटं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी टर्नरांचा उजवा खांदा धरला. तेल लावून झालं, शेक घेऊन झाला, पण हात छातीच्या वर जाईना. शिडाचा दोर ओढायचा म्हणजे हात डोक्यावर हवा. होडी कुणाला तरी देऊन टाकायची वेळ आली होती, आणि गिऱ्हाइकं दोन होती. एक दातांचे डॉक्टर, ज्यांनी तीनदा विचारलं होतं. दुसरा जावई, ज्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याच्या वतीने त्याच्या बायकोने विचारलं होतं.

टर्नरांनी आठवडाभर विचार केला आणि अट घातली. "कीलचं काम यांनी एकट्याने करून दाखवावं. या खेपेच्या क्रेनला होडी पाण्यात गेली, तर होडी यांची. नाही गेली, तर डॉक्टरांची."

"बाबा, ही काय परीक्षा आहे का?" मुलगी म्हणाली.

"परीक्षाच. मी नाही दिल्या?"

कील म्हणजे होडीच्या पोटाखाली माशाच्या पंखासारखा उतरलेला जड भाग. तो नसता तर पहिल्याच वाऱ्याने होडी कुशीवर झोपली असती. या होडीची कील बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची होती, आणि बीड खाऱ्या पाण्यात ठेवायचं तर त्याला पूर्ण कपडे घालावे लागतात. रंग कुठे नखाएवढा फुटला की पाणी आत शिरतं, आतून गंज फुगतो, पोपडे धरतात. मग काही वर्षांनी सगळं खरवडून लोखंड उघडं पाडायचं आणि नव्याने पाच थर चढवायचे. थर चढवणं सोपं. कठीण असतात ते मधले काही तास. घासून लख्ख केलेलं बीड समुद्राच्या हवेत उघडं राहिलं की दुपारपर्यंत त्याला लाली येते, आणि त्या लालीवर दिलेला रंग टिकत नाही.

क्रेन भाड्याची. दीड महिन्यातून एकदा, मोठ्या भरतीच्या रविवारी, यार्डातल्या होड्या पाण्यात उतरवायला यायची. जावयाने दुकानातून आठवड्याची सुट्टी घेतली.

त्याने काम कसं केलं, ते मान्य करावं लागेल. एका कागदावर सतरा कलमांची यादी केली, औषधाच्या चिठ्ठीसारखी, आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून होडीच्या टेकूला टांगली. सोमवार ते बुधवार ग्राइंडर आणि तारेचा ब्रश. गोड्या पाण्याने मीठ धुणं. वाळवणं. गुरुवारी सकाळी थिनरने पुसून तेल-चिकट काढलं, हे सातवं कलम. मग नव्या ब्रशने शेवटचा हात फिरवला, हे आठवं. त्यानंतर हातमोज्याशिवाय शिवायचं नाही, असं त्याने स्वतःलाच लाल शाईने लिहून ठेवलं होतं. दुकानातला थर्मामीटर आणि हवेतला दमटपणा मोजायचं यंत्रही आणलं होतं.

"याने होडीला ताप आहे का बघणार?" क्रेनवाल्याने विचारलं. क्रेन नसेल त्या दिवसांत तो यार्डाची राखण करायचा, आणि राखणीत बोलणं हाच मोठा भाग होता.

"हवेला."

"मग हवेला औषध पण द्या. माझा गुडघा दुखतो तिच्यामुळे."

साडेअकराला कील चांदीच्या भांड्यासारखी झाली. प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, दोन डब्यांचा होता. एकात दुसरा मिसळला की पाऊण तासात दगड, आणि उन्हात तर त्याहून लवकर. म्हणून जावयाने डबे दुकानाच्या थंड खोलीत ठेवले होते. ते आणायला तो सायकलवर निघाला. जाऊन-येऊन एक तास. हवा कोरडी होती, यंत्र तसं सांगत होतं.

त्या एका तासात टर्नर आले.

नुसतं बघायला आले होते, हे खरंच. पण चाळीस वर्षांची सवय असलेल्या माणसाला नुसतं बघता येत नाही. समोर एवढं मोठं बीड, घासून उजळलेलं, समुद्राकडे तोंड करून उघडं. आणि कीलपाशी कुणी नाही. कारखान्यात पाळी संपत आली की भोंगा व्हायच्या आधी हात आपोआप खिशात जायचा आणि तेलाचं फडकं बाहेर यायचं, लोखंडाला गंज चढू नये म्हणून. उजळ लोखंड रात्रभर कोरडं ठेवणाऱ्या माणसाशी टर्नर वर्षभर बोलले नव्हते. ते फडकं अजूनही त्यांच्या पँटच्या खिशात असायचं. घरातल्या बिजागऱ्या, कुलपं, शेजारच्या बाळाची गाडी, सगळ्याला त्यांचा हात लागलेला होता.

त्यांनी कीलवरून तेलाचा हात फिरवला. हलका, सारखा, जराही ओघळ नाही. पुढून मागे, मागून पुढे, दोन्ही बाजूंनी, उजवा हात पोचला तिथपर्यंत. मग फडक्याची घडी घालून खिशात ठेवली आणि आल्या वाटेने घरी गेले.

कुणाला बोलले नाहीत, त्याला कारणं दोन. उपकार बोलून दाखवायचा नाही, हे एक. दुसरं जास्त अवघड होतं. एकट्याने करून दाखवा अशी अट त्यांनीच घातलेली. मग आपण मदत केली हे सांगणार कुणाला, आणि आपल्याला तो पोरगा पास व्हायला हवा आहे हे कबूल करणार कोणत्या तोंडाने?

जावई परत आला. कील थोडी काळसर वाटली त्याला. पण ऊन फिरलं होतं, होडीची सावली पडली होती, आणि यादीत सातव्या कलमापुढे खूण केलेली होती. बोट लावून बघायचा मोह झाला. लाल शाईतली सूचना आठवली. त्याने प्रायमर मिसळला, ढवळला, घड्याळ लावलं आणि रोलर चालवला. रंग थोडा आक्रसल्यासारखा झाला, बारीक बारीक खळगे पडले. पहिल्या थराला असं होत असेल, असं म्हणून त्याने पुढचा हात मारला.

शुक्रवारी सकाळी त्याने अंगठ्याचं नख टेकवलं, आणि रंग दुधावरच्या सायीसारखा सरकला.

तो उकिडवा बसला. मग त्याने पट्टी घेतली आणि ठिकठिकाणी खरवडून पाहिलं. खाली निघत होता. मध्ये निघत होता. पण वरच्या वीतभर पट्ट्यात, होडीच्या पोटाला लागून, पट्टी घासूनही रंग हलत नव्हता. तिथे तो दगडासारखा धरला होता. एकाच डब्यातला रंग, एकाच वेळी लावलेला. दोन्ही बाजूंनी त्याने निघणारा आणि न निघणारा भाग यांच्यामधली रेघ शोधली. ती सरळ होती, जमिनीला समांतर. उभा राहून त्याने ती स्वतःच्या अंगाशी लावून पाहिली. छातीशी आली.

त्याने सोललेला एक तुकडा नाकाशी धरला. तो वास त्याला अकरा वर्षं माहीत होता. लग्नातल्या फोटोतसुद्धा तो वास असेल असं त्याला कधीकधी वाटायचं.

"काल तुमचे सासरे आले होते की," क्रेनवाला मागून म्हणाला. चहाचे दोन कप घेऊन तो कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "फडक्याने पुसत होते. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय."

"हो."

"तेल होतं का ते?"

जावयाने कप घेतला. "तुम्ही काही बघितलं नाही."

"बघितलं ना. इथेच तर बसलो होतो."

"बघितलं नाही असं समजा."

क्रेनवाल्याने थोडा वेळ हिशेब केला. "अहो, पण तुमची चूकच नाही यात. बोलून टाका. होडी मिळेल."

"मिळेल."

"मग?"

"मग त्यांच्याकडे काय राहील? खांदा गेला. लेथ गेलं. होडी तर देतच आहेत. एकही नग परत आला नाही, एवढंच उरलंय त्यांच्याजवळ. तेही मीच घेऊ?"

"वेडे आहात," क्रेनवाला म्हणाला, पण हळू. "चहा प्या. निवतोय."

अकराला टर्नर पाहणीला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. लांबूनच त्यांना जमिनीवर पडलेले रंगाचे सोलपट दिसले. त्यांनी एक उचललं, दोन बोटांत चुरगळून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, आणि तो रागाने पडला नव्हता. काल दुपारपासून ते मनातल्या मनात होडी देऊन मोकळे झाले होते.

"काय झालं?"

"मिश्रण चुकलं माझं, बाबा. प्रमाण चुकलं."

क्रेनवाला खोकला. गुडघा चोळत तो दुसऱ्या होडीकडे निघून गेला.

"रविवारपर्यंत?"

"नाही होणार. सगळं खरवडायचं, पुन्हा घासायचं, वर पाच थर."

टर्नरांनी हातातलं सोलपट खाली टाकलं. "औषधाच्या बाटल्या वेगळ्या असतात, जावईबापू," ते म्हणाले. "हात मऊ आहेत हो तुमचे." पण या वेळी त्या वाक्यात नेहमीची चव नव्हती. "डॉक्टरांना उद्या बोलावतो मी. शब्द म्हणजे शब्द."

दुपारी जावई घरी गेला आणि बायकोलाही तेच सांगितलं. मिश्रण चुकलं.

बायको पोळ्यांचा डबा बंद करत होती. थांबली. "तुझं?"

"माझं."

"गोळीचे चार भाग करायचे असले तरी तू काटा काढतोस. माझ्या खोकल्याचं औषध तू सुईने मोजतोस. तुझं प्रमाण चुकलं?"

"चुकतं माणसाचं."

तिने पुढे विचारलं नाही. त्याचा यार्डातला शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात रंगाचा सोललेला तुकडा सापडला, घडी करून ठेवलेला. का ठेवला होता, ते त्याचं त्याला माहीत. तिने तो हातात धरला, उलटा केला, आणि आठ वर्षांची झाली. बाबा कामावरून येऊन तिला उचलून घ्यायचे तेव्हा मानेपाशी हाच वास यायचा. ती चप्पल घालून यार्डात गेली, कीलवरची रेघ बघितली आणि तिथून थेट वडिलांकडे.

टर्नर स्वयंपाकघरात एकटेच बसले होते, समोर डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद. अजून फोन केलेला नव्हता.  तिने मांडणीवरचं स्टीलचं झाकण घेतलं, पुसून कोरडं केलं, त्यांच्या समोर ठेवलं आणि हात पुढे केला.

"फडकं द्या, बाबा."

"कशाला?"

"द्या तर."

त्यांनी खिशातून फडकं काढून दिलं. तिने झाकणाच्या अर्ध्या भागावर ते हलकेच फिरवलं. मग पर्समधून नखांना लावायच्या रंगाची बाटली काढली, लाल, आणि झाकणावर आडवा पट्टा ओढला, कोरड्या भागापासून तेलकट भागापर्यंत. कोरड्यावर तो जिथे ओढला तिथे बसला. तेलावर तो मागे सरकला, तुटला, त्याचे थेंब थेंब झाले. दोघं वाळेपर्यंत बसून राहिले.  मग तिने नखाने तेलकट भागावरचा थेंब टोचला, तो टिकलीसारखा निघून आला.

टर्नरांनी झाकण हातात घेतलं. चाळीस वर्षांत त्यांनी लोखंड कापलं होतं, तासलं होतं, जपलं होतं. रंगवायला ते पुढच्या खात्यात जायचं. पुढच्या खात्यात तेल कोण धूत असेल, हा विचार त्यांना कधी करावा लागला नव्हता.

"खाली सगळा रंग निघतोय," मुलगी म्हणाली. "छातीच्या वर पक्का आहे."

त्यांचा डावा हात नकळत उजव्या खांद्यावर गेला.

"जावईबापूंना माहीत आहे?"

"सकाळपासून. तुम्ही यायच्या आधीपासून. तुकडा त्याच्या खिशात होता, तेलाच्या वासाचा."

 तिने चहाचं भांडं धुऊन ठेवलं आणि ती गेली. झाकण मात्र त्यांनी धुऊ दिलं नाही.

शनिवारी डॉक्टर वेळेवर आले, पांढऱ्या बुटात. जावई खाली बसून पट्टीने रंग सोलत होता. होडी कुणाचीही झाली तरी अर्धवट काम सोडणं त्याला जमत नव्हतं. क्रेनवाला उद्यासाठी पट्टे तपासत होता. टर्नर सगळ्यात शेवटी आले, आणि त्यांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट नव्हता. कारखान्यातला निळा डगला होता, बारा वर्षांत पोटावर तंग झालेला. हातात थिनरचा डबा आणि स्वच्छ चिंध्यांचं गाठोडं.

"या, डॉक्टर," ते म्हणाले. "तुम्हाला बोलावलं मीच, आधी ऐकून घ्या. हा रंग मिश्रणाने नाही गेला. परवा यांनी लोखंड घासून ठेवलं होतं, त्यावर मी तेल पुसलं. कुणी सांगितलं नव्हतं. यांचं काम बरोबर होतं. माझं चुकलं."

एवढं बोलायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात ते पूर्वी एक नग उतरवत असतील. यार्डात दोघं-तिघं होते, सगळे ऐकत होते. जावई उठून उभा राहिला.

"बाबा, तसं नाही. मीही बोट लावून बघायला हवं होतं. यादीवर विसंबून..."

"तुम्ही गप्प बसा. काल खोटं बोललात ते पुरे."

डॉक्टरांनी बुटांकडे पाहिलं, कीलकडे पाहिलं. "बरं, मग होडीचं काय?"

"होडीचं यांना विचारा. यांची आहे."

डॉक्टरांनी खरंच विचारलं, विकणार का म्हणून. जावई नाही म्हणाला. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, आणि जाता जाता टर्नरांना, त्या खालच्या दाढेसाठी एकदा येऊन जा.

दोघं कीलच्या दोन बाजूंना बसले. टर्नरांनी डगल्याच्या बाह्या दुमडल्या. "वरचं तुम्ही बघा, खालचं माझं."

"वरचं तर पक्कंच आहे."

"तेच म्हणतोय. मग तुम्हाला काम काय आहे? इकडे या, मला चिंधी द्या."

रविवारी क्रेन आली, सात होड्या उचलून पाण्यात ठेवल्या, आणि आठवी जागच्या जागी राहिली. पुढचे दीड महिने वाऱ्याचे, वर्षातले सगळ्यात चांगले, ते या दोघांनी यार्डातल्या धुळीत काढले. काम घाईचं नव्हतं तरी टर्नर रोज आले. थिनरची चिंधी प्रत्येक वेळी नवी हवी, एकच फिरवली तर तेल नुसतं इकडचं तिकडे होतं, हे जावयाने त्यांना एकदाच सांगितलं, आणि त्यांनी ते एकदाच ऐकून घेतलं. पुन्हा घासल्यावर जेव्हा कील लख्ख झाली, तेव्हा जावई डबे आणायला गेला नाही. टर्नर गेले, रिक्षाने, दोन्ही डबे मांडीवर घेऊन. फडकं त्यांनी जावयाच्या हातात ठेवलं होतं, जाताना.

पुढच्या मोठ्या भरतीला होडी पट्ट्यांत उचलली गेली, हवेत थोडी फिरली आणि पाण्यावर बसली. क्रेनवाल्याने वरून हाक मारली, "ओ तेलवाले, मागचा दोर सोडा."

टर्नरांनी मान वर केली. यार्डात आता सगळेच त्यांना तसं म्हणत होते; गोष्ट चांगली होती आणि क्रेनवाल्याने ती सांगण्यात कंजुषी केली नव्हती. गल्लीतही पोचली होती. परवा पोस्टमन गालातल्या गालात हसला होता. टर्नरांनी मागचा दोर सोडला. मग होडीत उतरून ते न सांगता पुढे गेले, दोरांच्या गुंत्यात बसले. सुकाणूपाशी जावई बसला.

"डोकं खाली घ्या, बाबा," जावई म्हणाला.

"घेतलंय. तुम्ही समोर बघा."

आता कुणी काय दिलं ते पाहू. डॉक्टरांनी काही दिलं नाही. उलट तोंड उघडं ठेवून बसलेल्या पेशंटना सांगायला त्यांना एक किस्सा मिळाला. मुलीची नखांच्या रंगाची बाटली गेली आणि एक झाकण गेलं. ते झाकण अजून वडिलांच्या मांडणीवर लाल पट्ट्यासकट आहे. जावयाने वाऱ्याचे दीड महिने दिले आणि तळहातांची कातडी दिली. आता गोळ्या मोजताना त्या घट्ट्यांना चिकटतात. टर्नरांनी आपलं नाव दिलं. चाळीस वर्षं लेथवर उभं राहून कमावलेलं नाव एका शनिवारी सकाळी, चार माणसांसमोर, कुणी मागितलेलं नसताना.